भरल्या कपाला टिचकी

माझी ताई सुधारली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. सुधारण्याआधी ती फार बरी होती असं मी म्हणत नाही. सुधारण्याआधी तिच्यासोबत राहणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं होतं. पण परीक्षेत निदान समोरच्याच्या मनात काय आहे ते निकालाच्या दिवशी कळतं. सुधारलेल्या ताईच्या मनात काय आहे ते मला महिनोन् महिने कळलं नाही. कारण ती नुसती हसायची.

ताई चिनीमातीच्या कपबश्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसते. भट्टीतून निघालेला माल गार झाला की तिच्यापुढे येतो. ती कप कानाने म्हणजे त्याच्या कानाने, कपाच्या, एका बोटावर अडकवते आणि दुसऱ्या हाताने त्याला टिचकी मारते. चांगला कप टण्ण वाजतो आणि आवाज थोडा वेळ रेंगाळतो. ज्याला केसाएवढा तडा आहे, डोळ्यांना कितीही फिरवून दिसत नाही असा, तो बद्द वाजतो. बद्द वाजला की डावीकडच्या पत्र्याच्या पिंपात. तिथे तो फुटतोच, आणि फुटावा म्हणूनच ते पिंप तिथे आहे. कारखान्यात तिला टिचकीबाई म्हणतात. तिच्या तोंडावर म्हणण्याची हिंमत फक्त भट्टीवाल्यात आहे.

या कामाचा एक नियम आहे आणि तो आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. कप रिकामा हवा, कोरडा हवा आणि गार हवा. भरलेला कप कितीही उत्तम असला तरी बद्दच वाजणार. ताईचा मुलगा लहानपणी शाळा सुटली की तिच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायचा, त्यालासुद्धा हे ठाऊक होतं. त्याला आम्ही छोटू म्हणतो. आता तो दारातून वाकून आत येतो, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

टिचकी कारखान्यात राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. ती ताईबरोबर घरी यायची. नवीन पेला आणला, टिचकी. कलिंगड आणलं, टिचकी. भाड्याचं घर बघायला गेलो तर हिने घरमालकासमोर भिंतीला टिचकी मारून प्लास्टर पोकळ आहे म्हणून सांगितलं, आणि ते होतंही पोकळ. माणसांनाही ती तशीच तपासायची, फक्त बोट न लावता. माझ्यासाठी दोन स्थळं आली होती. पहिला माणूस जिना उतरायच्या आत ताई म्हणाली, "बद्द." दुसऱ्याला तिने चहा तरी संपवू दिला. मी आजही एकटी आहे, आणि त्याचं खापर मी तिच्यावर फोडत नाही. निदान रोज फोडत नाही.

भावोजी गेल्यावर मी ताईकडे राहायला आले. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रार विभागात आहे. दिवसभर कानाला फोन लावून लोकांचं ऐकते. कुणाकडे पाणी नाही, कुणाकडे गढूळ आहे, कुणाकडे इतकं आहे की बेसिनमधून वर येतंय. संध्याकाळी घरी आले की ताईच्या तक्रारी. तेव्हा मी वैतागायचे. नंतर त्याच तक्रारींसाठी जीव तळमळेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याचा फोन ठेवून दिला असता.

आता ते कपाचं प्रकरण सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

छोटूने एके दिवशी जेवताना सांगितलं की त्याला एका मुलीशी लग्न करायचं आहे. मुलगी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवण्याचं काम करायची. आई नाही, वडील घरं रंगवतात. "तुम्ही दोघी एकदा भेटायला चला," तो म्हणाला. गेलो. दोन खोल्या, स्वच्छ, एका भिंतीवर रंगाचे नमुने एकाखाली एक लावून बघितलेले. मुलगी फार बोलत नव्हती. तिने सगळ्यांना चहा दिला काचेच्या पेल्यांतून आणि ताईला एकटीला कपातून. पांढरा कप, निळी किनार. घरातला सगळ्यात चांगला कप पाहुणीला दिला होता हे कुणालाही कळलं असतं.

ताईने कप उचलला. काठोकाठ भरलेला, वाफ निघतेय. आणि तिने त्याला टिचकी मारली.

"बद्द," ताई म्हणाली.

"काय झालं?" मुलगी म्हणाली.

"तडा आहे. आतून आहे. वरून बघून नाही कळत." आणि हे बोलताना ताई कपाकडे बघत नव्हती.

मुलीचे वडील हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. मुलगी उठून आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. छोटू एवढंच म्हणाला, "आई, भरल्या कपाला टिचकी मारतात का?"

रस्त्यात ताई म्हणाली, "मी कपाबद्दल बोलत होते."

"मग रिकामा करून बघायचा होतास," छोटू म्हणाला, आणि पुढच्या कोपऱ्यावर आमच्यापासून वेगळा झाला. महिन्याभरात त्यांनी सही करून लग्न केलं. मला बोलावलं होतं, ताईला नव्हतं. मीही गेले नाही, कारण ताई दारात उभी होती आणि तिला ओलांडून जाणं मला जमलं नाही. ह्याला तीन वर्षं झाली. छोटू मला फोन करायचा. ताईबद्दल विचारायचाही, पण 'आई' असं म्हणायचा नाही. "तिकडे सगळे बरे आहेत ना?" असं विचारायचा. तिकडे मी आणि ताई दोघीच, सगळे कोण असणार.

त्यानंतर ताईची झोप उडाली. रक्तदाब वाढला. पोटात जळजळ, डोकं सदा ठणकतंय, आणि नाकावर राग. दूधवाला, शेजारीण, टीव्हीवरची बातम्या सांगणारी मुलगी, सगळे बद्द. डॉक्टर गोळ्या देऊन थकले आणि म्हणाले, "बाई, मन शांत करायला कुठेतरी जा." कारखान्यात रंगकाम करणारी एक मैत्रीण शनिवारी एका वर्गाला जायची. बँकेच्या वरच्या हॉलमध्ये एक बाई अध्यात्म शिकवतात म्हणे. ती ताईला घेऊन गेली. मी तेव्हा खूश झाले होते. मीच तिला बसायला उशी शिवून दिली.

आणि खोटं कशाला बोलू, फरक पडला. ती सकाळी खुर्चीत डोळे मिटून बसायला लागली. श्वास आत, श्वास बाहेर. मनात आलेला विचार येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा, त्याच्या मागे धावायचं नाही. झोप लागायला लागली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. पोटातली जळजळ थांबली. ती पुस्तकं आणायची आणि पेन्सिलीने खुणा करत वाचायची. भावोजी गेल्यावर जी बाई त्यांचा फोटोही बघायची नाही, तिने फोटो काढून पुसला आणि भिंतीला लावला. हे सगळं चांगलंच होतं. मी कुठे नाही म्हणतेय.

मग तिला 'स्वीकार' हा शब्द सापडला.

कुठल्यातरी शनिवारी तो शिकवला असणार. घरी आली ती हसतच आली. शिंप्याने माझ्या कोटाची एक बाही लांब शिवली होती. मी तणतणत होते. ताई म्हणाली, "छान आहे." आयुष्यात या बाईच्या तोंडून मी छान हा शब्द ऐकला नव्हता. मी म्हटलं, "ताई, एक हात दिसत नाहीये माझा." ती म्हणाली, "आहे ते आहे. स्वीकार."

त्यानंतर तिने स्वीकारायचा सपाटाच लावला. स्वयंपाकघरातला नळ गळतोय, स्वीकार. मी पाण्याच्या कचेरीत कामाला आणि माझ्या घरात नळ गळतोय, आणि मी प्लंबरला फोन लावला की ही म्हणणार, "त्या थेंबाचा आवाज ऐक, किती शांत वाटतं." खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने तिची एक चप्पल खाल्ली. कुत्र्याच्या मालकिणीला ताई जिन्यात हसून म्हणाली, "त्याच्या वाटेत होती." दुकानदाराने सडके बटाटे दिले तर तिने सडका भाग कापून राहिलेल्याबद्दल आभार मानले. पूर्वी हीच बाई दुकानात गेली की तो माणूस आतल्या पोत्यातला माल काढायचा.

मी हात टेकले. दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि घरी एक अवाक्षर नाही. मी मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकून बघितलं. तिने पाणी पीत पीत सगळी भाजी संपवली आणि म्हणाली, "छान." मला त्या दिवशी रडू आलं. भाजी मलाही खावी लागली हे एक कारण होतंच. पण समोर बसलेल्या बाईशी मी भांडूही शकत नाही, ह्याने मला फार एकटं वाटलं.

एका ठिकाणी मात्र स्वीकार चालत नव्हता. कारखान्यात. तिथे तिचं पिंप पूर्वीसारखंच भरत होतं. मी विचारलं, "तिथे का नाही गं स्वीकारत तडे?"

"ते काम आहे."

"आणि हे काय आहे?"

ताई हसली. त्या हसण्याने माझ्या अंगाची लाही व्हायची. ओठ हसायचे आणि मांडीवरचं मधलं बोट अंगठ्याला टेकलेलं असायचं, टिचकी मारायच्या तयारीत. ते बोट तिला माहीत नव्हतं. मला दिसायचं.

अशात छोटूचा फोन आला. त्याला दूर देशात काम मिळालं होतं. दोघं जाणार होते, परत कधी यायचं ते ठरलं नव्हतं, सोमवारी निघणार होते. "मावशी, तिकडे सांग," तो म्हणाला. "कुणाला यायचं असेल तर यावं. आम्ही शनिवार-रविवार घरीच आहोत, सामान बांधतोय." तीन वर्षांत त्याने पहिल्यांदा दार किलकिलं केलं होतं. मी ताईला सगळं सांगितलं.

ताई कपडे घडी करत होती. घडी करत राहिली. "जाऊ दे त्याला आनंदाने," ती म्हणाली. "मी स्वीकारलंय."

"ताई, तो जातोय. परत कधी येईल माहीत नाही."

"येईल तेव्हा येईल. आहे ते छान आहे."

मी हातातला टॉवेल जमिनीवर आपटला. टॉवेल आपटून आवाजसुद्धा होत नाही. मी तिला काय काय बोलले ते इथे सांगत नाही. ती ऐकत होती, हसत होती आणि टॉवेल उचलून तिने त्याचीही घडी केली. तेव्हा मी ठरवलं की शनिवारी त्या वर्गात जायचं आणि जिने माझ्या बहिणीचं हे करून ठेवलंय तिला जाब विचारायचा.

शनिवारी ताईच्या मागोमाग जिना चढले. ताई म्हणाली, "तूही आलीस, छान." हॉलच्या दाराशी चपला ओळीने लावलेल्या. आत गुडघेदुखीवाल्यांसाठी मागे खुर्च्या, पुढे उश्या. मला वाटलं होतं शिकवणारी कुणी तेजस्वी बाई असेल, गोड बोलून माणसं गुंडाळणारी. निघाली एक किरकोळ बाई, सर्दी झालेली, स्वेटरच्या बाहीत रुमाल खोचलेला. तिच्याशी भांडायला मी घरून तयार केलेली वाक्यं तिच्या शिंकांमध्ये कुठे घालावीत ते मला कळेना.

तिच्यापुढे चिनीमातीचा मोठा वाडगा होता. कुणीतरी वर्गाला भेट दिलेला. बसायच्या सुरुवातीला ती त्यावर लाकडी दांडी हलकेच मारायची आणि आवाज विरेपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं, अशी तिथली पद्धत. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मी ताईकडे बघत होते. दांडी वाडग्यावर पडली.

ताईचा चेहरा कळ आल्यासारखा आक्रसला. डोळे मिटलेलेच, ओठ हसरेच, आणि मधे सगळं आक्रसलेलं. मग तिने तो चेहरा परत सारखा केला. मी तो चेहरा ओळखते. कारखान्यात कप पिंपात जायच्या आधी तो असाच होतो.

"ताई," मी म्हटलं. त्या शांततेत माझा आवाज भलताच मोठा आला. "तडा आहे ना त्याला?"

हॉलमधले सगळे डोळे उघडले. ताईचे नाही उघडले. "आहे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तळाशी."

शिकवणाऱ्या बाईंनी वाडगा उचलून उलटासुलटा बघितला. "मला तर काही दिसत नाही. ऐकूही येत नाही. तुम्हाला आज जाणवलं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला कशा नाहीत?"

"स्वीकारलं," ताई म्हणाली.

बाईंनी नाक पुसलं. "म्हणजे दर शनिवारी तुम्हाला तो बोचत होता आणि दर शनिवारी तुम्ही स्वतःला सांगत होतात की बोचत नाही?"

ताईने तेव्हा डोळे उघडले.

"मग तुम्ही काय स्वीकारलंत?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं. "मी चुकीचं शिकवलं असेल तर सांगा. ऐकू आलंय ते आलं नाही म्हणा, असं मी म्हणाले होते का?"

मागच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी विचारलं की मग नवीन वाडगा आणायचा का. बाई म्हणाल्या, "कशाला? वाजतोय तसा वाजू दे. आता आपल्याला माहीत आहे, एवढंच." आणि त्यांनी सगळ्यांना परत डोळे मिटायला सांगितलं. मी जाब विचारायला आले होते आणि माझा जाब माझ्याआधी त्यांनीच विचारून टाकला होता. मी गपचूप डोळे मिटले. काही दिसलं नाही, पण मान दुखायची थांबली हे सांगायला हवं.

जिना उतरताना ताईचा भडका उडाला. "चारचौघांत माझी शोभा केलीस. तुला तोंड आवरत नाही. लहानपणापासून तुझं हेच. आणि तो नळ अजून गळतोय, तू पाण्याच्या कचेरीत नोकरी करतेस का झोपा काढतेस?" बँकेचा पहारेकरी बघत होता. मला इतका आनंद झाला की मी तिला तिथेच मिठी मारणार होते. "बोल," मी म्हटलं, "अजून बोल." ती बोलली. बाही लांब, भाजी खारट, ती चप्पल नवी होती. सगळं निघालं, महिनोन् महिन्यांचं.

बसथांब्याच्या बाकावर ती बसली आणि तिचा राग संपला. मग ती रडली. मी तिला भावोजी गेले तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. "छोटू चाललाय," ती म्हणाली. "आणि मी रोज डोळे मिटून बसते आणि म्हणते, दुखत नाही, दुखत नाही. मला वाटलं तेच शिकवतात तिथे."

"चल मग."

"काय तोंडाने जाऊ? तो नियम मीच शिकवला त्याला."

"आहे त्याच तोंडाने चल," मी म्हटलं. "दुसरं कुठून आणणार?" मी आधी फोन करते म्हटलं तर ती नको म्हणाली. फोन केला तर तिला परत फिरायला वेळ मिळेल, म्हणून नको.

छोटूच्या घरात खोकीच खोकी होती. त्याने दार उघडलं आणि तो बाजूला झाला, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. सून जमिनीवर बसून भांडी कागदात गुंडाळत होती. तीन वर्षांत तिचा चेहरा थोडा भरला होता. तिने आम्हाला बसायला दोन खोकी पुढे सरकवली. मी हवापाण्याचं काहीतरी बोलले आणि माझाच मला राग आला.

ताई सुनेला म्हणाली, "तो निळ्या किनारीचा कप. आहे अजून?"

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. मग तिने एक बांधलेलं खोकं उघडलं, वरचं सगळं बाहेर काढलं, आणि तळाशी जुन्या पातळ टॉवेलमध्ये गुंडाळलेला कप काढून ताईपुढे धरला. "रिकामा आहे," ती म्हणाली. "कोरडा आहे. गार आहे. आता बघा." नियम तिलाही पाठ होता. छोटूने सांगितला असणार.

"नको," ताई म्हणाली.

"बघाच. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

ताईने कप बोटावर अडकवला. तिचा हात स्थिर होता, कामाचा हात तिचा कधीच हलत नाही. टिचकी मारली.

बद्द.

मलासुद्धा कळलं. इतक्या वर्षांत तेवढं कानाला कळतं. आणि मी, जी महिनोन् महिने तिच्या त्या हसण्यावर वैतागले होते, मी मनात तिच्या हातापाया पडत होते की ताई, एकदाच, आज शेवटचं, हस आणि छान म्हण. टण्ण वाजला म्हण. कोण तपासायला बसलंय इथे?

"तडा आहे," ताई म्हणाली.

छोटू भिंतीला टेकला होता तो सरळ झाला. "मावशी, तू हिला घेऊन जा," तो म्हणाला.

"थांब," ताई म्हणाली. ती सुनेशीच बोलत होती. "हा आवाज मला आज आला. त्या दिवशी आला नव्हता. कप भरलेला होता आणि भरल्या कपातून मला काही ऐकू येत नाही, कुणालाच येत नाही. मी नुसतं म्हणाले. कपाला म्हणाले नाही, तुला म्हणाले. तुला पिंपात टाकायचं होतं मला. तू माझ्या मुलाला नेणार होतीस." ती थांबली. "कप बद्द आहे. पण टिचकी माझी चुकली. फार चुकली."

सून बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "तडा मला माहीत होता. मीच पाडला होता लहानपणी. आईचा कप आहे. आई म्हणाली, गळत नाही ना, मग झालं. ती शेवटपर्यंत त्यातूनच चहा प्यायची." तिने टॉवेलची घडी खोक्यावर ठेवली. "तुम्हाला म्हणून दिला होता त्यातून."

ताईने कप दोन्ही हातांत धरला होता. "आम्ही फोडून टाकतो असे," ती हळूच म्हणाली.

"आम्ही नाही फोडत."

मी रडत होते हे सांगायला मला लाज वाटत नाही. छोटू खिडकीबाहेर बघत होता, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती. सून उठली. तिने ताईच्या हातातून कप घेतला, स्वयंपाकघरात गेली. भांडी जवळजवळ बांधून झाली होती तरी तिने कुठून तरी एक पातेलं काढलं. भांड्याचे, लायटरचे, चमच्याचे आवाज आले. आम्ही तिघं खोक्यांमध्ये ते आवाज ऐकत बसलो. मला, छोटूला आणि सुनेला स्वतःला कागदी पेल्यांतून चहा आला. ताईला कपातून, काठोकाठ.

ताईने कप उचलला. तिचं मधलं बोट अंगठ्याकडे जायला लागलं. मला दिसलं, छोटूला दिसलं, सुनेलाही दिसलं असणार. ताईने तो हात सरळ मांडीखाली घातला आणि त्यावर बसली. दुसऱ्या हाताने कप तोंडाला लावला. एक घोट घेतला. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो.

"साखर कमी आहे," ताई म्हणाली.

छोटू ताडकन उठला. साखरेचा डबा कुठल्या खोक्यात गेला ते त्याला आठवेना. त्याने एक खोकं फोडलं, मग दुसरं. सून ओरडली की सगळं पॅकिंग तूच परत करायचंस. तो तिसऱ्या खोक्यात डोकं घालून म्हणाला, "थांब गं आई, देतो. चहा गार नको करूस."